डोहातला आन्सेल्मो

गुड फ्रायडेला आमच्याकडे सुई हातात धरत नाहीत. केर काढत नाहीत, खिळा ठोकत नाहीत, सुरी चालवत नाहीत, आणि नदीत तर पायसुद्धा घालत नाहीत. जो उतरतो तो मासा होतो. एरवी मला या नियमांचं काही वाटत नाही, पण त्या शुक्रवारी ते माझ्या जिवावर आले होते. मी शिवणकाम करणारी बाई. मनाला घोर लागला की मशीनवर बसते आणि शाळेच्या गणवेशांच्या बाह्या जोडत सुटते. त्या दिवशी मशीनवर चादर टाकलेली, स्वयंपाक आदल्या दिवशीच उरकलेला, आणि हाताला काम नाही. अंगणातून दारात आणि दारातून अंगणात अशा माझ्या येरझाऱ्या चालल्या होत्या.

“अगं, तुला काय मुंग्या चावल्या का?” आई दारातल्या डुलत्या खुर्चीतून म्हणाली. “देव गेलाय आज. तू कशाला तडफडतेस?”

“काही नाही गं. उकडतंय.”

“डोंगरात राहून हिला उकडतंय!” असं ती माझ्या लेकीला, याहायराला म्हणाली, आणि दोघी आजी-नात हसायला लागल्या.

मंगळवारी फोन आला होता, समुद्रापलीकडच्या पोर्तो रिको बेटाच्या नंबरावरून. मी उचलला, तर पलीकडून एक घोगरा आवाज म्हणाला, “एने?”

माझं नाव एनेइदा. मला एने म्हणणारा माणूस जगात एकच होता, आणि तो चाळीस वर्षांपूर्वी मासा झाला होता.

आन्सेल्मो माझा थोरला भाऊ. विशी गाठायच्या आतच, अशाच एका गुड फ्रायडेला, तो साल्तो ओंदोवर गेला आणि परत आला नाही. साल्तो ओंदो हा गावाच्या वरचा धबधबा. आमचं सगळ्यांचं बालपण त्याच्या पायथ्याच्या डोहात डुंबण्यात गेलेलं. संध्याकाळी आन्सेल्मोचे कपडे सापडले, काठावरच्या जांबाच्या मुळीवर, घडी करून ठेवलेले. सगळं गाव धावलं, आणि काठावर येऊन सगळं गाव थांबलं, कारण शुक्रवार होता. पाण्यात कोण शिरणार? आईने उडी घ्यायला बघितलं तर बायकांनी तिला कवेत धरून ठेवलं. ती रात्रभर ओरडत होती आणि पुरुष टोप्या हातात घेऊन उभे होते. शनिवारी उजाडल्यावर त्यांनी बुड्या मारल्या, तळ चाचपला, खाली वळणापर्यंत नदी धुंडाळली. प्रेत काही मिळालं नाही. दिसला तो एक दाहाओ, आमच्या डोंगरातल्या नद्यांचा मासा, पण असा दांडगा कोणी पाहिला नव्हता. आई काठावर बसली तर तो तिच्यासमोर येऊन थांबला आणि हलेचना. बायकांनी छातीवर क्रूस काढला. त्या दिवसापासून गावात कोणाच्या मनात शंका राहिली नाही.

त्या डोहात मग कोणी गळ टाकला नाही, आणि आमच्या घरात मासा शिजला नाही. गुड फ्रायडेला सगळा देश बाकालाओ खातो, म्हणजे समुद्रातला खारवलेला मासा, बटाटे घालून केलेला. आम्ही अंडी खातो. आणि दर वर्षी त्या दुपारी आई कासाबे घेऊन डोहावर जाते. कासाबे ही आमची कंदाची कडक भाकरी, आन्सेल्मोच्या फार आवडीची. ती तुकडे करून पाण्यात टाकते आणि म्हणते, खा रे पोरा. तिथले मासे आता इतके माजलेत की तिची काठी वाजली की वर येतात.

गेल्या वर्षी याहायराने हे मोबाईलवर टिपलं आणि सगळ्या जगाला पाठवून दिलं. लाखो लोकांनी पाहिलं म्हणे. त्यात पोर्तो रिकोच्या मायागुएस शहरातल्या एका न्हाव्याच्या दुकानात, अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत, आमचा मासाही होता.

“कोण बोलतंय?” मी फोनवर ओरडले. “मेलेल्या माणसाच्या नावाने थट्टा करता? लाज नाही वाटत?”

“धबधब्याच्या पडद्यामागे खडकाचा बाक आहे,” तो म्हणाला. “तिथे बसून आपण आईचा चोरलेला गूळ खायचो. तुझ्या फ्रॉकला चिकटायचा.”

मग मी जमिनीवरच बसले. तो सांगत गेला. कपडे त्याने मुद्दाम ठेवले होते. पिशवीत दुसरा जोड होता. पोर्तो रिकोला चोरून जाणारी होडी शनिवारी रात्री निघणार होती. शुक्रवारी पाण्यात कोणी शिरणार नाही, सगळे काठावर रडत बसतील, म्हणजे त्याला एक दिवस मोकळा मिळणार होता. “आईला कळलं असतं तर तिने किनाऱ्यावरून कान धरून परत आणलं असतं, एने. तुला माहीतेय ती कशी आहे.”

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ती कशी आहे हे मला तो सांगत होता! मी चाळीस वर्षं तिच्याजवळ राहिले. लग्न झालं तरी राहिले, नवरा गेला तरी राहिले. आणि हा तिकडे मासे डबाबंद करायच्या कारखान्यात नोकरी करत होता. मासा होऊन गेला आणि मासे कापत बसला. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मी येतोय.”

“शुक्रवारी येऊ नकोस,” मी सांगितलं. “शनिवारी ये, घरी ये. तोवर मी तिला तयार करते.”

“हो, हो,” तो म्हणाला. त्याचं ‘हो, हो’ लहानपणापासून मला ठाऊक होतं. त्याचा अर्थ नाही असा असायचा.

आणि तयार कसली करते? बुधवारी तोंड उघडलं आणि मिटलं. गुरुवारी आम्ही दोघी लाल राजम्याची गोड खीर ढवळत होतो, नारळाचं दूध घालून, शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटायला. मी म्हणाले, “आई, समज, आन्सेल्मो…” ती म्हणाली, “साखर बघ जरा, मला तोंडाला चव नाही.” झालं, माझा धीर संपला. मला तिच्या काळजाची भीती होती. डॉक्टरने दोन पायऱ्या चढल्या की थांबा असं सांगितलेलं. पण त्याहून मोठी भीती आशीर्वादाची होती. आमच्याकडे मूल घरात शिरताना पहिला शब्द तोच बोलतं, आशीर्वाद दे, आई. आणि आई कितीही रागात असली तरी म्हणते, देव तुझं भलं करो. मारता मारतासुद्धा म्हणते. आईने आशीर्वाद नाकारला तर त्या मुलाला आई उरली नाही असं समजतात. आन्सेल्मो येणार, तो शब्द उच्चारणार, आणि ती गप्प राहिली तर? मला स्वतःला त्याला धबधब्यावरून ढकलून द्यायचं होतं, ते वेगळं. पण तिने गप्प राहू नये, एवढीच माझी इच्छा होती.

दुपारी आम्ही निघालो. आई पुढे, काठी टेकत. तिच्यामागे मी कासाबेची पिशवी घेऊन. मी दर वळणावर थांबून मागे रस्त्याकडे बघत होते.

“मान मोडेल तुझी, मम्मी,” याहायरा म्हणाली. “कोणाची वाट बघतेस? दुसरा नवरा केलास की काय?”

“एकानेच हौस फिटली. चाल पुढे.”

डोहावर राजधानीतली काही पोरं येऊन बसली होती. मोठ्याने गाणी लावलेली, पाय पाण्यात सोडलेले. त्यांनी आईला पाहिलं आणि एकच गिल्ला केला. “अरे, ती बघ, माशांची आजी! मोबाईलमधली!”

“पाय वर घ्या,” आई म्हणाली.

“आजी, ते खरं नसतं हो,” केसांना पिवळा रंग लावलेला एक पोरगा लाडाने म्हणाला. “पाण्यात पाय घातला म्हणून कोणी मासा होतं का?”

“नाही होत? मग माझा मुलगा कुठे आहे ते सांग.”

पोरगा ओशाळला आणि पाय वर घेतले. तो कुठे आहे हे तिथे एकट्या मलाच माहीत होतं. मी पिशवीची गाठ सोडायला लागले तर ती सुटेना, शेवटी आईनेच माझ्या हातातून पिशवी हिसकावून घेतली.

ती तिच्या नेहमीच्या खडकावर बसली, कासाबे मोडलं, आणि पाण्यात टाकलं. “खा रे पोरा,” म्हणाली. मासे आले. वर धबधबा कोसळत होता, तुषार अंगावर येत होते, आणि मला ते सगळं एकदाचं संपून घरी जायची घाई झाली होती. शनिवार उजाडला की बघू, असं मी मनाशी म्हणत होते. तेवढ्यात याहायरा म्हणाली, “हे कोण काका? या बुटांनी घसरतील.”

वाटेवरून एक जाडा माणूस उतरत होता. पांढरे बूट, इस्त्रीची विजार, हातात टोपी. दगडादगडाला धरत, धापा टाकत तो खाली आला आणि आईपासून थोड्या अंतरावर उभा राहिला. मी त्याच्याकडे डोळे वटारले. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही.

“आशीर्वाद दे, आई,” तो म्हणाला.

आईने आधी पाण्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे, आणि परत पाण्याकडे.

“हा कोण?” तिने मला विचारलं.

“आन्सेल्मो आहे, आई.” मी म्हणाले.

“आन्सेल्मो तिथे आहे.” तिने हातातल्या तुकड्याने डोहाकडे दाखवलं.

“मीच आहे गं,” तो पुढे आला आणि हनुवटी वर केली. “हे बघ. या जांबावरून पडलो होतो तेव्हाचा वण. तू हळद दाबली होतीस, मी तुझ्या हाताला चावलो होतो.”

आईने वणाकडे बराच वेळ पाहिलं. हात लावला नाही. “बोल,” एवढंच म्हणाली.

मग तो बोलला. असल्या गोष्टी माणूस दार लावून, हळू आवाजात सांगतो. पण धबधब्यापुढे कुजबुज चालत नाही. त्याला सगळं ओरडून सांगावं लागलं. कपडे मी मुद्दाम ठेवले, आई! होडीने गेलो, आई! त्या पोरांनी आपली गाणी बंद केली आणि ऐकत बसली. आन्सेल्मो घामाघूम झाला होता. तिकडे पोलिसांपासून लपून राहत होतो म्हणाला, स्थिरावलो की कळवणार होतो. मग कारखान्यात एक जण भेटला, आपल्या बाजूचाच, पण ओळख नसलेला. तो जेवणाच्या सुट्टीत गंमत म्हणून सांगत होता, आमच्याकडे एक बाई आहे, तिचा मुलगा मासा झाला, ती त्याला भाकरी घालते. सगळे हसले. “मी तिथेच उभा होतो, आई. तो मुलगा मीच, असं तोंडातून निघेना. पुढच्या वर्षी सांगू म्हटलं. दर वर्षी लाज थोडी वाढतच गेली.”

मी आईच्या छातीकडे बघत होते. ती वरखाली होत होती, पण थांबली नव्हती.

“म्हणजे तू पाण्यात उतरलाच नव्हतास,” ती म्हणाली.

“नाही.”

“पायसुद्धा नाही बुडवलास?”

“नाही आई. शुक्रवार होता ना.”

याहायरा फस्सकन हसली आणि तिने तोंडावर हात दाबला. मला त्या दोघांच्याही मुस्कटात द्यावीशी वाटली.

“शुक्रवार पाळलास,” आई म्हणाली. “मीही पाळला. गाव म्हणतं, लिब्रादाला, म्हणजे मला, बायकांनी धरून ठेवलं होतं. धरलं होतं खरं. पण शेजारच्या तोरिबियाचा हात सुटला होता. मला निसटता आलं असतं. मी घाबरले. पोटचा पोर आत बुडतोय आणि मी शुक्रवारला घाबरले. मग तू मासा झालास असं बायका म्हणाल्या, तेव्हा मी ते घट्ट धरून ठेवलं. मासा म्हणजे निदान जिवंत तरी.”

हे तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही. आणि मी समजत होते की तिच्या मनातला कोपरान्‌कोपरा मला माहीत आहे.

आन्सेल्मो त्या ओल्या दगडावर गुडघे टेकून बसला. इस्त्रीची विजार चिखलात गेली. “आशीर्वाद दे, आई,” तो परत म्हणाला.

ती गप्प राहिली. मी मनात मोजायला लागले आणि मोजणं सोडून दिलं. बोल गं बाई, बोल. रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही ती देव भलं करो म्हणते, भंगारवाल्यालाही म्हणते.

“उतर,” ती म्हणाली.

“काय?”

“पाण्यात उतर. चाळीस वर्षं मी सगळ्यांना सांगितलं, माझा मुलगा या डोहात उतरला. आता म्हातारपणी मला खोटं पाडतोस?”

“पण आई, आज…”

“आज काय?”

“शुक्रवार आहे.”

“मला वार शिकवू नकोस.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मार खाताना बघायचा तसंच. मी म्हणाले, “माझ्याकडे काय बघतोस? बूट काढ.”

त्याने बूट काढले. सदरा काढला, विजार काढली. गुडघ्यापर्यंतची चड्डी, पोट सुटलेलं, छातीवरचे केस पांढरे. पिवळ्या केसांचा पोरगा मोबाईल वर करायला लागला तर याहायराने तो त्याच्या हातातून काढून घेतला. माझी लेक एरवी सगळं टिपत सुटते, पण त्या क्षणी मला तिचा अभिमान वाटला. आन्सेल्मोने कपड्यांची घडी केली. विजार खाली, वर सदरा, बाह्या आत दुमडलेल्या. आणि ते सगळं त्याने जांबाच्या मुळीवर नेऊन ठेवलं. आई त्या घडीकडे बघत राहिली. मीही ती घडी ओळखली.

तो काठावर उभा राहिला. भीत होता, खरंच भीत होता. साठीला आलेला माणूस, दुसऱ्या देशाचा पासपोर्ट, आणि मासा होईन म्हणून पायाची बोटं आखडून घेत होता. त्याने छातीवर क्रूस काढला आणि उडी टाकली.

पाणी उसळलं, मासे पांगले, आणि पाणी परत मिटलं. तो वर आला नाही.

आधी मला वाटलं, नाटक करतोय. मग धबधब्याखालच्या फेसाकडे बघून बघून डोळे दुखायला लागले. तिथला ओढ घेणारा भोवरा आठवला. त्याचं ते पोट, ती धाप. रक्तदाबाच्या गोळ्या खातो म्हणाला होता. मी चपला कधी काढल्या ते कळलं नाही. मंगळवारी फोनवर हाच माणूस मेलेला बरा असं मी म्हणाले होते, आणि आता मी कमरेइतक्या पाण्यात उभी होते आणि ओरडत होते, “आन्सेल्मो! अरे मेल्या! आन्सेल्मो!” शुक्रवारचं भानही राहिलं नाही. मागे वळून पाहिलं तर आई खडकावरून उठलेली, काठी फेकून दिलेली, आणि तिचा एक पाय पाण्यात होता. याहायराने तिला कमरेला धरलं होतं.

“सोड मला, कार्टे!” आई ओरडत होती. “या वेळी सोड!”

तेवढ्यात धबधब्याच्या पडद्यातून एक टक्कल बाहेर आलं. तो मागच्या खडकाच्या बाकावर जाऊन बसला होता. गुळाच्या बाकावर! खोकत, पाणी थुंकत, हात मारत तो काठाकडे आला. मी त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की सगळ्या डोहात आवाज गेला.

“बघत होतो, तो बाक अजून आहे का,” तो धापा टाकत म्हणाला. “आहे गं, एने.”

पोरं टाळ्या वाजवायला लागली. मी रडत होते आणि शिव्या देत होते. आन्सेल्मो पाण्यातून वर आला आणि निथळत आईसमोर उभा राहिला. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माणूसच आहे याची खात्री करून घेत असल्यासारखं.

“आलास बाहेर?”

“आलो, आई.”

“मग कपडे घाल. सर्दी होईल.”

एवढंच. तिने उरलेलं कासाबे माशांना घातलं, काठी मागितली, आणि चालायला लागली. आशीर्वाद दिला नाही.

आम्ही घराकडे निघालो. माझा परकर पायांना चिकटत होता. गुड फ्रायडेला आमचा रस्ता शांत असतो, पण त्या दिवशी दर खिडकीत दोन दोन डोकी होती. आन्सेल्मो खाली मान घालून चालत होता. दाराशी आल्यावर तो थांबला. आत शिरताना तो शब्द बोलायचा असतो. त्याने तोंड उघडलं, आणि आई त्याच्याकडे न बघता आत निघून गेली. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. शेवटी मीच त्याचा दंड धरून आत ओढला. मला आईचाही राग यायला लागला होता. त्याच्यासाठी पाण्यात पाय घातला ना तिने? मग आता काय हवंय तिला?

मी टेबलावर अंडी मांडायला घेतली.

“ते राहू दे,” आई म्हणाली. “तोरिबियाकडे जा आणि बाकालाओ मागून आण.”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. “मासा?”

“मासाच. मुलगा घरी आलाय. आता कोणासाठी सोडायचा?”

तोरिबिया शेजारीच राहते. आईच्याच वयाची, आणि त्या रात्री जिचा हात सुटला होता तीच. मी वाडगा पुढे केला तर ती म्हणाली, “लिब्रादाला मासा? डोकं ठिकाणावर आहे का तिचं?”

“आन्सेल्मो आलाय.”

तोरिबियाने कुंपणावरून आमच्या खिडकीत पाहिलं आणि पळी तिच्या हातातून पातेल्यात पडली. “आत्ता?”

“वरातीमागून घोडं,” मी म्हणाले. तिने काही न विचारता वाडगा काठोकाठ भरला.

आईने स्वतः वाढलं. आधी आन्सेल्मोला. बटाटे, मिरची, माशाचे जाड तुकडे. वास सगळ्या घरात भरला. त्या भिंती तो वास विसरून गेल्या होत्या. आन्सेल्मो ताटाकडे बघत बसला. मग त्याने ताट थोडं बाजूला सरकवलं.

“मी मासा खात नाही,” तो हळू आवाजात म्हणाला.

मी कपाळावर हात मारला. आता हिने एवढं केलं आणि हा नखरे करतोय!

“समुद्राच्या काठी राहतोस,” आई म्हणाली. “मासे कापून पोट भरलंस. आणि खात नाहीस?”

“नाही.”

“आवडत नाही?”

“आवडायचा.” तो टेबलाच्या कडेवर बोट फिरवत होता. “तो माणूस कारखान्यात सांगत होता ना, त्या बाईची गोष्ट. शेवटी म्हणाला, त्या बाईने मासा सोडलाय. त्या दिवशी माझ्या डब्यात मासाच होता. मी तो टाकून दिला. मग नाही खाल्ला. बायको चिडायची, लोक हसायचे. मी म्हणायचो, मला सोसत नाही.”

बाहेर कुठेतरी प्रार्थना चालली होती, तिचा आवाज येत होता. आईने आन्सेल्मोचं ताट आपल्याकडे ओढलं. त्या दिवशी सुरी चालवत नाहीत, म्हणून तिने बोटांनीच माशातले काटे काढले, एकेक करून, डोळ्यांजवळ नेऊन, लहान मुलाला भरवताना काढतात तसे. मग ताट त्याच्यासमोर ठेवलं आणि तोच ओशट हात त्याच्या टकलावर ठेवला.

“देव तुझं भलं करो, पोरा,” ती म्हणाली. “खा आता.”

तो खायला लागला. रडत होता, नाक वाहत होतं, आणि तोंड भरलेलं होतं. याहायरा उठून मागच्या दारी गेली. मी तिथेच उभी होते, हातात अंड्यांची बशी तशीच. माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं, आणि त्या जागी दुसरंच काहीतरी दुखायला लागलं. काय ते मला सांगता येत नव्हतं.

आई दुसऱ्या ताटातले काटे काढत होती. मला वाटलं, स्वतःसाठी. तिने ते ताट माझ्या जागेवर सरकवलं.

“बस,” ती म्हणाली. “तूही सोडला होतास. तेव्हा केवढीशी होतीस. तुला कोणी विचारलंसुद्धा नाही.”

मी बसले. मासा फार खारट होता. मी दुसऱ्यांदा वाढून घेतला.